हिरव्या उजेडाची खोली

सकाळपासून शिवकन्येच्या मॅपमध्ये जेवढी माणसं शिरली तेवढी सगळी एकाच खोलीत मेली. खेळातलीच माणसं ती, मेली तरी घटकाभरात उठून पुन्हा बंदूक घेऊन पळायला लागणारी. त्यांचं सुतक कोण धरतो? पण मरायची जागा सगळ्यांनी एकच निवडावी, आणि तीही नेमकी तीच, हे बघून ती खुर्चीत सरसावून बसली. रविवार होता, ती शिकवायची त्या संगणकाच्या क्लासला सुट्टी होती. धाराशिवात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत लक्ष्मीबाईंच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत ती कानाला हेडफोन लावून बसली होती आणि पुण्यातून समर्थ बोलत होता. हा समर्थ तिला प्रत्यक्ष कधी भेटलेला नव्हता. बंदुकांच्या त्या खेळात ज्याला त्याला आपापली जागा रचता येते, गाव म्हणा, किल्ला म्हणा, गोदाम म्हणा, आणि मग इतर लोक तिथं येऊन खेळतात. अशा जागा रचणाऱ्या मंडळींचा समर्थ हा म्होरक्या. तो म्हणाला, "शिवकन्या, मॅप झकास झालाय. पण त्या शेवटच्या खोलीचं काहीतरी कर. सगळे हिरव्या उजेडाकडे पळत सुटतात, आत पाय टाकतात आणि आतलं दारूगोळ्याचं पिंप फुटून मरतात."

"मरणारच ना. धोक्याची खोली आहे ती. म्हणून तर हिरवा उजेड दिलाय."

मग तो हसला. "अगं, हिरवा म्हणजे या, लाल म्हणजे थांबा. शेंबड्या पोराला कळतं. रंगीत उजेडाचं कामच ते, खेळणाऱ्याचं बोट धरून त्याला वाट दाखवायची. तू बोट धरून विहिरीत ढकलतेयस. आणि दुसरं, आत दिवा कुठाय? बल्ब नाही, मशाल नाही. उजेड येतो कुठून?"

"बघते," म्हणून तिनं हेडफोन काढून ठेवला.

बघायचं काय होतं त्यात? हिरवा म्हणजे या, हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. सोलापूरला कॉलेजात असताना मोनिका नावाच्या मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसून ती रोज सिग्नलला थांबायची. हिरवा लागला की मागचे हॉर्न बडवायचे, मोनिका गाडी काढायची आणि शिवकन्येची बोटं तिच्या ओढणीत रुतायची. "अगं, ओढणी फाडतेस का माझी?" मोनिका ओरडायची. आपण हॉर्नला दचकतो, असं शिवकन्येनं स्वतःला समजावलं होतं, आणि इतकी वर्षं ते समजावणं बिनबोभाट चालून गेलं होतं. आज समर्थच्या हसण्यानं ते उघडं पडलं. सगळं जग एक धडा शिकलं आणि ही भलताच शिकून बसली, आणि मॅप रचताना तिला एकदाही शंका आली नाही की हिरवा बघून कुणी आत जाईल. तिला वाटलं होतं, लोक त्या दाराशी आले की आपोआप थबकतील, त्यांच्या तळहाताला घाम येईल. तळहात तिचेच ओले झाले होते. तिनं ते ओढणीला पुसले आणि घड्याळाकडे बघितलं. दादा दुपारपर्यंत येणार होता.

वैजनाथदादा धाराशिवात सुती शर्ट घ्यायला येणार होता, आणि खरी भीती त्या शर्टांची होती. काल आईचा फोन आला होता. तिच्या आईला, सिताबाईला, सरळ सांगायची सवयच नाही. वाईट बातमी ती नेहमी स्वयंपाकघराच्या वाटेनं आणते. पाऊस कसा झाला, शेरडं कशी आहेत, भावजय मंजुषाचं अंग दुखतं का, एवढं सगळं झाल्यावर म्हणाली, "परवापासून दिवा उशिरा लावावा लागंल गं." शिवकन्येला कळायला वेळ लागला नाही. तेरखेड्याच्या त्यांच्या घरात एक रीत होती. फटाक्यांच्या शेडात कामाला गेलेला माणूस उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय घरात दिवा लागत नसे. शेडात तर दिवा कधीच नसतो. तिथं काम चालतं ते खिडकीतून येईल तेवढ्या उन्हावर, आणि दिवस कलला की हात धुऊन बाहेर. म्हणून घरातही अंधार पडू लागला की आई हात गुंडाळून ओसरीवर बसायची, आणि बाबांची पावलं वाजली की काडी ओढायची. बाबा गेले त्या दिवशी आईनं दिवा लावलाच नाही, शेजारणींनी येऊन लावला. तेव्हापासून सिताबाई उन्हं असतानाच दिवा लावून टाकायची. वाट बघायला कुणी उरलंच नव्हतं. आता पुन्हा दिवा उशिरा लागणार, म्हणजे घरातलं माणूस पुन्हा शेडात जाणार. मंजुषा तर जातच होती, पण ती पुड्या बांधायच्या शेडात, आणि उन्हं असतानाच परत येणाऱ्या बायकांच्या घोळक्यात. दादा जाणार होता रंगाच्या खोलीत, जिथं रंगाचा मसाला, म्हणजे फटाक्याला रंग देणारी दारू, कालवतात तिथं. तिथल्या जुन्या कारागिराचे, गोरोबाकाकांचे, हात थरथरायला लागले होते, त्यांच्या जागी.

तिनं मॅप उघडला आणि त्या खोलीवर येऊन थांबली. उजेड हा इथं हवेत ठेवायचा एक ठिपका असतो. ठिपक्याभोवती एक कडं, तो कुठवर पोचेल त्याचं. बाजूला रंगाची चकती. सुरुवातीला तिच्या भिंती नुसत्या चुना फासल्यासारख्या दिसायच्या. मग ती शिकली की सावलीत थोडा निळा सोडायचा, माणसानं जिकडं जावं असं वाटतं तिकडं केशरी, आणि निव्वळ पांढरा कुठंच ठेवायचा नाही, पांढऱ्यानं जागा मरते. एकदा तिनं एका भिंतीवर लाल आणि हिरवा असे दोन उजेड सोडले आणि जिथं ते एकमेकांवर पडले तिथं भिंत पिवळी झाली. तेव्हा ती खुर्चीवरून उठून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायला लागली होती, आणि खालून लक्ष्मीबाईंनी विचारलं होतं, "काय गं, आज किती जण मारलेस?" बाबांना लाल आणि हिरवा मसाला एकत्र करून कधी पिवळा मिळाला नव्हता, नुसता मळका धूर. आणि निळा? "निळा हाताला लागत न्हाय," असं बाबा म्हणायचे, रुसलेल्या पाव्हण्याविषयी बोलावं तसं. आयुष्यभर त्यांना जो निळा नीट साधला नाही तो ती बोटाच्या एका ओढीत भिंतभर पसरत होती. पहिल्यांदा पसरला तेव्हा तिला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली, आणि मग खूप वेळ रडू आलं.

समर्थ म्हणतो तर लाल करून बघू, म्हणून तिनं चकतीवरचं टोक लालवर नेलं. खोली लाल झाली आणि तिच्यातला धोका निघून गेला. शिवकन्येला लाल म्हणजे बाबांचा पडताळा. नवा मसाला जमला का ते बघायला बाबा दिवेलागणीला मोकळ्या रानात एक भुईनळा लावायचे. घरची सगळी लांब उभी. लाल फुलोरा वर चढायचा आणि त्यात आईची नथ लाल, दादाचे दात लाल, शेरडं बिचकून दावणी ओढायची, आणि बाबा कमरेवर हात ठेवून हसायचे. घरातली सगळी माणसं तिला एका वेळी कधी दिसली असतील तर ती त्या लालात. पडद्यावरच्या त्या लाल खोलीत आता भाकरी बांधून आणून बसावंसं वाटत होतं. तिनं केशरी केलं, जांभळं केलं. जांभळी खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसली. शेवटी पुन्हा हिरवा केला, आणि तो लागल्याबरोबर तिच्या मानेवरची लव उभी राहिली. उजेड कुठून येतो म्हणे. त्या खोलीत ती दिवा कसा ठेवणार होती? मसाल्याच्या खोलीत दिवा ठेवायला तिचा हात धजावला असता का? तिनं सगळ्या मॅपमध्ये कुठंच बल्ब लावला नव्हता, हेही तिला आत्ता समजलं. लांब लांब बांधलेली शेडं, मध्ये मोकळी जागा, कुंपणाबाहेर एक कडुलिंब, आणि खिडक्यांतून येईल तेवढा उजेड. समर्थला वाटत होतं, तिनं कुठलं तरी गाव कल्पनेनं रचलंय.

बाबा गेले तेव्हा चौथीत होती ती. शाळा सुटली की बाबांचा डबा घेऊन जायची आणि कुंपणाबाहेर लिंबाखाली उभी राहायची. पोरांना आत जायची बंदी होती. बाबा अनवाणी बाहेर येत, रांजणावर हात पाय धूत, डोक्याला बांधलेलं फडकं सोडत आणि मग लेकीकडे बघून भुवया उडवत. त्या दिवशी ती उभी होती. श्रावण सरला होता, हवेत ओल होती, दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली होती. तिनं कौलांकडे बघितलं तर कौलांच्या फटींतून हिरवा उजेड येत होता. भर दुपारी, उन्हात, उन्हाहून जास्त. मग खिडकी हिरवी झाली, मग लिंबाची पानं त्यांच्या स्वतःच्या हिरव्याहून वेगळी हिरवी झाली, आणि तिला ते छान वाटलं. हेच ती कुणाला सांगू शकत नव्हती, की तिला ते छान वाटलं होतं. तिनं डबा खाली ठेवून टाळी वाजवायला हात उचलले होते. त्यानंतर आवाज. नंतरच्या आयुष्यात त्या हिरव्याच्या आणि आवाजाच्या मधली जागा लांबत गेली. कधी कधी तिला वाटायचं, त्या मधल्या वेळात माणूस सहज उठून बाहेर आला असता.

आणि हे खरं होतं की नाही, याचीच खात्री नव्हती. कारण हिरवा दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता. आई म्हणायची, "हिरवं? काय बी काडती. धूर व्हता नुसता, काळा." गावातली माणसं आवाजाबद्दल बोलायची, धुराबद्दल बोलायची, तालुक्याच्या गावच्या, वाशीच्या डॉक्टराबद्दल बोलायची. दादा तर त्या दिवसाचं नावच काढत नसे. तो तेव्हा दहावीत होता, शाळा बुडवून शेरडांमागं गेला होता, एवढंच घरात माहीत. मग शिवकन्येलाही वाटायला लागलं की लिंबाच्या पानांचा रंग आपल्या डोळ्यांत उतरला असेल, लहान पोरीचं काय खरं धरायचं. पण मग तिची बोटं ओढणीत का रुतायची? तिनं ही खोली रचली ती खरं म्हणजे कुणाला तरी विचारायला. मॅपमध्ये शिरलेल्या एकाही माणसानं त्या दाराशी पाय आवरला असता तर तिला साक्षीदार मिळाला असता. सगळे पळत गेले. आता एकच माणूस उरला होता. दादाला ती हे खेळायला लावणार होती. तोही इतरांसारखाच हिरव्यात धावत गेला, तर त्याला त्या रंगाचं भय नाही हे पक्कं होणार होतं, आणि भय नसलेला माणूस उद्या सकाळी मसाल्याला हात लावणार होता. काहीही करून त्याला उद्या जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं.

जिन्यात चपला वाजल्या. वैजनाथ एका हातात दुकानाची पिशवी आणि दुसऱ्यात आईनं दिलेले धपाटे घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "शिवू, हात लावून बग. प्युअर सुती हाय ना? दुकानदार व्हय म्हनला, पर त्यांचं काय, ते पोत्याला बी रेशीम म्हनत्याल."

तिनं शर्टाची कड चिमटीत धरून बघितली. कापड चांगलं होतं. मसाल्याच्या खोलीत नायलॉनचा धागासुद्धा चालत नाही, घासला की ठिणगी पडते. एवढं त्यांच्या घरात मुलं बोलायला लागायच्या आधी शिकतात. तो शर्ट आपल्या हातात आहे आणि आपण त्याचं कापड तपासून देतोय, याचा तिला एकदम राग आला. "सुती हाय," ती म्हणाली. घरच्या माणसाशी बोलताना तिची जीभ आपोआप गावाकडं वळायची. "दादा, उद्या जायलाच पायजे का?"

"गोरोबाकाकाला सांगितलंय म्या." तो पलंगावर टेकला आणि पाणी प्याला. "तू काय करायलीस? ते टीव्हीसारखं काय चालू हाय?"

"मी बनवलंय. तू खेळ ना जरा."

"मला कुटं येतंय ते. शेरडं राखनाऱ्याला बंदुका चालवाय लावतीस व्हय?"

"बंदूक चालवू नको. नुसतं हिंड."

तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, या बटणानं पुढं, हे हलवलं की बघायचं, असं दाखवलं. बाकी सगळे पळत असत. वैजनाथ चालत निघाला. खऱ्या वाटेनं चालावं तसा, मध्ये थांबून इकडंतिकडं बघत, एका शेडाच्या भिंतीला वळसा घालत. ती मागं उभी राहून त्याच्या मानेकडे बघत होती. मानेवर उन्हानं रापलेल्या कातड्याची आणि आत गोऱ्या कातड्याची सीमा होती, बाबांची होती तशीच. "शेडं लांब लांब बांधलीस," तो म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "लिंब हाय." शेवटच्या खोलीच्या उघड्या दारातून हिरवा उजेड बाहेर जमिनीवर सांडला होता. वैजनाथ त्याच्यापासून दहा पावलांवर आला आणि थांबला. शिवकन्येला खालच्या गल्लीत कुणीतरी बादली आपटल्याचं ऐकू आलं. वैजनाथनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, आणि मग पँटला पुसला.

तो आत गेला नाही. पुन्हा हात माउसवर ठेवून तो त्या उजेडाला न शिवता खोलीच्या कडेकडेनं मागच्या बाजूला गेला. तिथं आजवर एकही खेळणारा गेला नव्हता. जाण्यासारखं काही नव्हतंच, तिनं तिथं एक कोरी भिंत ओढून दिली होती. भिंतीसमोर तो उभा राहिला.

"मागचं दार कुटाय?"

"मागं दार न्हाय, दादा."

"व्हतं," वैजनाथ म्हणाला.

शिवकन्या पलंगाच्या कडेवर बसली. "तुला हिरवं दिसलं व्हतं?"

"दिसलं की. वर माळावर व्हतो म्या. समदी शेडं दिसत्यात तिथनं." तो पडद्याकडे बघूनच बोलत होता, वळला नाही. "कौलातनं हिरवं आलं. म्या उटून हुबा राहिलो. तू लिंबाखाली व्हतीस, ते बी दिसत व्हतं, बारकी. म्या वरडलो पर तुला काय ऐकू जातंय. रंगाच्या खोलीला दोन दारं असत्यात, शिवू, एक फुडं, एक मागं. कायम उघडी ठिवायची. त्या दिशी मागच्या दाराला मालाची खोकी लावली व्हती, घाईचे दिस, जागा न्हाय म्हनून. सकाळधरनं बघत व्हतो म्या खोकी. मला काय कळतंय तवा. मग हिरवं आलं आन् ते मागचं दार हललं."

खाली लक्ष्मीबाई कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होत्या.

"आतनं हललं," वैजनाथ म्हणाला. "उघडलं न्हाय."

तिला वाटलं होतं, साक्षीदार मिळाला की सुटल्यासारखं होईल. झालं भलतंच. हिरव्याच्या आणि आवाजाच्या मधली ती लांबत गेलेली जागा तिनं वेडाची म्हणून बाजूला ठेवली होती. आता तिथं एक माणूस आला, तिचे बाबा आले, अनवाणी, डोक्याला फडकं बांधलेले, दाराला खांदा लावून. म्हणजे वेळ होता. म्हणजे बाहेर येता आलं असतं. ती टाळ्या वाजवायला हात उचलत होती तेव्हा पलीकडे हे चाललं होतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आणि हा मुलगा सोळाव्या वर्षापासून ते हलणारं दार बरोबर घेऊन शेरडं राखत होता, लग्न करत होता, दिवाळीला तिला ओवाळणी घालत होता, आणि घरात कुणी हिरव्याचं नाव काढलं की उठून बाहेर जात होता. आई म्हणायची नुसता धूर होता. आईला नुसता धूर दिसावा म्हणूनच हा गप्प राहिला असेल.

"मग जातोस कशाला?" ती ओरडलीच. "एवढं बघून जातोस? आईनं पुन्हा अंधारात बसायचं? मी हितं रोज जीव मुठीत धरून ऱ्हायचं? दादा, तुझ्या पाया पडते, जाऊ नको."

वैजनाथ आता तिच्याकडे वळला. त्याचे डोळे कोरडे होते. "मंजुषा शेजारच्या शेडात पुड्या बांधती. चार वर्सं झाली. सोड म्हनलं तर ऐकत न्हाय, बायका बायका असत्यात, तिला बरं वाटतंय. गोरोबाकाका कामावरनं उटला. त्याच्या जागी एक पोरगं यायलं व्हतं, चांगलं हाय, हुशार हाय. म्या त्याला इचारलं, बाबा, हिरव्या मसाल्याची भीती वाटती का? हसला. म्हनला, दादा, त्यात भ्यायचं काय." त्यानं शर्टांची पिशवी उचलून मांडीवर घेतली. "हसला त्यो, शिवू. मंजुषाच्या भिंतीपल्याड हसनारं मानूस बसवू का म्या? ज्याला भ्या वाटतंय त्यानंच ते काम करावं. गावात माज्याएवढं भ्यायलेलं कोन हाय सांग."

तसा माणूस गावात नव्हता, आणि गावाबाहेर एकच होता, तो या खोलीत पलंगावर हात दाबून बसला होता.

"मालकाला सांगून ठिवलंय," तो म्हणाला. "मागच्या दाराला पुट्ट्याचा तुकडा बी लावलेला दिसला की म्या उटून घरी जानार. ओल असली की मसाला आपसूक तापतोय, तवा कालवनार न्हाय. त्यो व्हय म्हनला."

"व्हय म्हणायला काय जातंय."

"मग रोज बघीन. तेच तर काम हाय."

त्यानं धपाट्याचा अर्धा तुकडा मोडून तिच्या हातात दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला, दोघंही लहानपणी करत तसं. त्याच्या देखत तिनं तो खाल्ला. मग ती त्याला बसस्टँडवर सोडायला गेली. एसटीत खिडकीशी बसून त्यानं पिशवी छातीशी धरली होती. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला नाही, हात उचलायचीच तिला भीती वाटली.

खोलीवर परत येऊन ती मॅपसमोर बसली. ऊन अजून होतं. दादा सोडून गेला होता तिथंच खेळातला माणूस कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिनं भिंत कापली. दार केलं, चौकट बसवली, फळी मुळीच बसवली नाही, म्हणजे लावायचा प्रश्नच नको. मग उजेड पुन्हा मोजायला लावला. हे काम यंत्र सावकाश करतं, प्रत्येक ठिपक्याचा उजेड कुठल्या भिंतीवर किती पडेल त्याचा हिशेब लावत बसतं. तेवढा वेळ ती नखं खात होती. काम संपलं तेव्हा हिरवा उजेड दोन्ही दारांनी बाहेर पडला होता. मागच्या अंगणात त्याचा एक लांबट तुकडा पडला होता, आणि पुढच्या बाजूनं तो जाऊन जाऊन लिंबाच्या बुंध्याला जेमतेम लागत होता. तिथं कुणी उभं नव्हतं. समर्थला तिनं कळवलं, हिरवा तसाच राहील, ज्याला आवडेल त्यानं खेळावं. थोड्या वेळानं मॅपमध्ये लोक यायला लागले. पहिला माणूस नेहमीसारखा पळत हिरव्यात शिरला. शिवकन्येनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो मागच्या अंगणात उभा होता आणि पिंप त्याच्या पाठीमागं रिकाम्या खोलीत फुटत होतं. त्यामागून दुसरा आला, तो बाहेर निघाला नाही. तिसरा निघाला. ती बघत राहिली. समर्थचा निरोप आला, "हे भारी झालं. पण आत दिवा ठेव गं बाई, उजेड येतो कुठून ते कळत नाही."

सोमवारी दुपारी क्लासमध्ये शिकवताना तिनं चुकून दादाला फोन लावला. चुकून म्हणजे, लावायचा नाही असं सकाळपासून ठरवून. तो वाजत राहिला. शेडावर फोन फाटकाशी पेटीत काढून ठेवावे लागतात, तेव्हा तो तसाच वाजायला हवा होता. हे माहीत असूनही तिनं तो शेवटपर्यंत वाजू दिला. पोरांना तिनं काय शिकवलं ते तिला आठवत नाही. संध्याकाळी ती खोलीवर आली. उन्हं भिंतीवरून कौलांवर गेली, कौलांवरून उतरली. खोलीत अंधार दाटू लागला तरी ती पलंगावर फोन हातात घेऊन बसून राहिली. लक्ष्मीबाई जिन्यातून डोकावल्या. "अगं, तिन्हीसांजेची अंधारात काय बसलीस भुतासारखी? दिवा लाव की."

"लावते, मावशी. थोड्या वेळानं."

त्या पुटपुटत खाली गेल्या. तिकडं तेरखेड्यात ओसरीवर आईही अशीच बसली असेल, हात गुंडाळून. दोघींच्या मध्ये सगळा जिल्हा होता आणि दोघींच्या खोल्या सारख्याच काळ्या होत्या. रस्त्यावरचे दिवे लागले, समोरच्या मेडिकलची हिरवी पाटी लागली आणि तिचा उजेड खिडकीतून येऊन शिवकन्येच्या पायांवर पडला. तिनं पाय वर ओढून घेतले. मग फोन वाजला.

"जेवलीस का?" वैजनाथ म्हणाला. मागं शेरडं ओरडत होती.

"दार?"

"उघडं हाय."

तेव्हापासून रोज दिवस मावळला की एवढंच बोलणं होतं, एक शब्द तिचा, दोन त्याचे. तोवर शिवकन्या अंधारात बसून असते. मग उठते आणि दिवा लावते.